कोळशाच्या टनाला भाव आहे, कामगाराच्या श्वासाला नाही!

चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला जो जनसागर लोटतो, त्यात खाणीत राबलेला माणूस आम्हांला लांबूनच ओळखू येतो. हाताच्या पाठीवर, कपाळावर, कोपरावर निळसर काळे डाग असतात. जखमेत कोळशाची भुकटी गेली की कातडी तिच्यासकट भरून येते आणि तो डाग मरेपर्यंत जात नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच शहरात दीक्षा दिली, तेव्हाही या जिल्ह्याच्या पोटातून कोळसा निघतच होता आणि तो काढणाऱ्यांत आपली माणसे होती. कातडीवरचा डाग दिसतो. फुप्फुसावरचा डाग दिसत नाही, आणि जो दिसत नाही तो कागदावरही येत नाही. आजचा लेख त्या न दिसणाऱ्या डागाबद्दल आहे.

आम्ही काही वकील मित्र तिथे पुस्तकांच्या दुकानांच्या रांगेत एक टेबल टाकून बसतो. जातवैधता, अॅट्रॉसिटी, अतिक्रमित जमीन, सुनेचा छळ, असे सगळे विषय येतात. काही वर्षांपूर्वी तिथे साठी ओलांडलेले एक काका आले. सोबत काकू. काकूंच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला छातीचा एक्स-रे. काका खुर्चीवर बसले आणि दोन-तीन मिनिटे काही बोललेच नाहीत. आम्हांला वाटले संकोचले असतील. नाही, ते श्वास जमवत होते. फाटकापासून टेबलापर्यंत चालत आल्याचा तो परिणाम होता. शेवटी काकूच म्हणाल्या, "वकीलसाहेब, जयभीम. पयले डाक्टर म्हने टीबी हाय. सहा मयने गोया खाल्ल्या. आता मोठ्या दवाखान्यातला डाक्टर म्हन्ते का हा टीबी नोयच, हा खदानीचा धुर्रा हाय. मंग आता काय कराचं जी?"

काकांनी सत्तावीस वर्षे भूमिगत खाणीत टब भरले होते. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली होती. नोकरीत असताना दर पाच वर्षांनी वैद्यकीय तपासणी झाली, तिला कामगार 'पीएमई' म्हणतात. प्रत्येक वेळी शेरा एकच: फिट. शेवटचा 'फिट' मिळाला तेव्हा हा माणूस दोन जिने चढू शकत नव्हता.

'मंग आता काय कराचं' या काकूंच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर कायदा उघडावा लागतो, आणि तो उघडला की पहिल्यांदा आश्चर्य वाटते. कारण कायदा वाईट नाही. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ चा, इंग्रजांच्या काळातला. २००९ च्या दुरुस्तीनंतर 'कर्मचारी नुकसानभरपाई कायदा' असे त्याचे नाव झाले. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजारांची यादी होती. तिच्या 'क' भागात खनिज धुळीने फुप्फुस कडक होण्याचा आजार, म्हणजे न्यूमोकोनिओसिस, नाव घेऊन लिहिलेला होता. त्यात सिलिकोसिस होता, आणि कोळसा व सिलिका यांच्या मिश्र धुळीचा अँथ्रॅकोसिलिकोसिसही होता. एवढेच नव्हे, सिलिकोसिसमुळे बळावलेला क्षय, म्हणजे सिलिको-टीबी, हासुद्धा तिथे होता. "टीबी आहे ना, मग तुमचा घरचा आजार" असे सांगून कामगाराला हाकलणाऱ्या बाबूने ती ओळ कधी वाचलेली नसते.

पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. या यादीतला आजार झाला आणि कामगाराने ठरलेला सलग काळ त्या कामावर काढलेला असला, की तो आजार कामामुळेच झाला असे कायदा धरून चालतो. नाही म्हणायचे असेल तर मालकाने सिद्ध करावे. म्हणजे कारणाचा पुरावा कामगाराने द्यायचा नाही. मग अडते कुठे? अडते त्याच्या एक पायरी आधी. आजार 'आहे' हेच कुणी लिहून देत नाही. कारणाबद्दल कायदा कामगाराच्या बाजूला उभा आहे, पण निदानाबद्दल तो गप्प आहे. आणि निदान कुणाच्या हातात? ज्याला भरपाई द्यायची आहे त्याच्याच पगारावरच्या डॉक्टरच्या हातात!

भरपाईची रक्कम पाहिली म्हणजे ही गोम कळते. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. मृत्यू झाला तर ५० टक्के. वेतन कितीही असले तरी हिशेबासाठी त्यावर मर्यादा. ती आधी ४ हजार होती, २०१० मध्ये ८ हजार झाली, आणि ३ जानेवारी २०२० पासून १५ हजार झाली. पन्नास वर्षे वयाचा गुणक १५३.०९. म्हणजे ९ हजार गुणिले १५३.०९, बरोबर १३ लाख ७७ हजार ८१० रुपये. मालकाने महिनाभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण टाळले तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. एका 'अनफिट' शेऱ्याची ही किंमत आहे. आता आमच्या वाचकांनीच ठरवावे, 'फिट' हा शेरा एवढा स्वस्त का मिळतो!

आम्ही सगळ्याच डॉक्टरांना खोटे ठरवत नाही. धुळीचा आजार ओळखणे सोपे नसते. एक्स-रेवरचे बारीक ठिपके टीबीसारखे दिसू शकतात. त्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रमाणित फिल्मचा संच तयार केलेला आहे. कामगाराची फिल्म त्या शेजारी ठेवून ठिपक्यांची दाटी मोजायची असते. ते वाचायला प्रशिक्षण लागते. फुंकून मोजण्याची श्वासाची चाचणी नीट करून घ्यावी लागते. आणि सर्वांत आधी एक साधा प्रश्न विचारावा लागतो: "बाबा, तुम्ही काम काय करत होता?" तालुक्याच्या दवाखान्यात हा प्रश्न कुणी विचारत नाही. केसपेपरवर विडी-तंबाखूचा रकाना असतो, खाणीचा नसतो.

जुना खाण कायदा १९५२ चा. त्याच्या २५ व्या कलमाने असा आजार आढळला की खाणमालकाने आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही मुख्य खाण निरीक्षकाला कळवणे बंधनकारक केले होते. १९८३ च्या दुरुस्तीने ९-अ हे कलम आले. खाणीच्या कामामुळेच कामगार अपात्र झाला असेल तर मालकाच्या खर्चाने उपचार, त्या काळात पगार, नंतर दुसरे हलके काम, आणि कामगार नोकरी सोडू इच्छित असेल तर अपंगत्वाची भरपाई, असा सगळा क्रम त्या कलमात मांडलेला होता. वाचताना डोळे भरून यावेत असे कलम! पण धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या दप्तरात देशभरातून वर्षाकाठी अशा रुग्णांच्या ज्या नोंदी होत आल्या, त्या लाखो खाण कामगारांपुढे नगण्य आहेत. एक तर आपल्या खाणींतली धूळ जगावेगळी सोज्वळ असली पाहिजे, किंवा आजार दडपला जात असला पाहिजे. तिसरा अर्थ आम्हांला तरी सुचत नाही.

त्या व्यवस्थेतली एक विसंगती आम्ही कामगार मेळाव्यांतून अनेकदा सांगितली आहे. ज्याला तपासणीत 'अनफिट' ठरवले, त्याला त्याविरुद्ध अपील करता येत असे, कारण त्याची नोकरी जात होती. पण ज्याची फुप्फुसे जात होती आणि तरी ज्याला 'फिट' ठरवले, त्याच्यासाठी अपिलाचा तसा रस्ता ठेवलेला नव्हता. कायदा करणाऱ्यांना नोकरी गमावण्याची भीती समजली. श्वास गमावण्याची समजली नाही.

मग कामगाराने आपल्या परीने रस्ता काढला. राष्ट्रीय कोळसा वेतन करारातल्या ९.४.० कलमानुसार कायमचा अपंग झालेल्या कामगाराच्या वारसाला नोकरी मिळण्याची सोय होती. खाण वसाहतींत याला नुसते 'मेडिकल अनफिट' म्हणतात, आणि त्याभोवती दलालांचा एक बाजारच उभा राहिला. परिणाम असा झाला, की खऱ्या आजारी माणसाकडेही वैद्यकीय मंडळ संशयाने पाहू लागले. पोराला नोकरी लावण्यासाठी खोकतो आहे, असे म्हणू लागले! बापाचे फुप्फुस देऊन पोराला त्याच धुळीत पाठवायचे, यालाच आमच्या वस्तीत 'सेटल होणे' म्हणतात. आम्ही हसत नाही. बेरोजगारीने गांजलेल्या घरात हा सौदाही भाग्याचा वाटतो.

काकांच्या प्रकरणात आणखी एक धोंड होती. नोकरी सुटल्यानंतर आजाराची लक्षणे दोन वर्षांच्या आत दिसली, तर लक्षणे दिसली तो दिवस अपघाताचा दिवस धरावा, असे त्या कायद्याचे दहावे कलम सांगत होते. दोन वर्षांत! धुळीचा आजार दहा-वीस वर्षे अंगात मुरतो. धूळ बंद झाली तरी फुप्फुसातले व्रण वाढत राहू शकतात. ज्या आजाराचा स्वभावच उशिरा प्रकट होण्याचा आहे, त्याला दोन वर्षांची मुदत देणे म्हणजे आंब्याची कोय लावून पंधरा दिवसांनी आंबे मागणे होय. पुरेसे कारण दाखवल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना होता, हे खरे. पण तो अधिकार झाला, हक्क नाही. आम्ही काकांचा अर्ज त्याच आधारावर दाखल केला. "आजार आहे हे मला तुम्हीच सांगायचे होते, तुम्ही फिट म्हणालात, मग उशीर माझा कसा?" असा आमचा युक्तिवाद होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या प्रकरणात गेला, खाण कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणीची घोषणा झाली. चांगले आहे. पण भरपाईचा ढाचा जुनाच राहिला, आणि तपासणी कितीदा होते यापेक्षा ती कोण करतो आणि कागद कुणाच्या कपाटात राहतो, हा आमचा प्रश्न आहे.

अपंगत्वाचे मोजमाप पाहा. भरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अंगठा तुटला तर ३० टक्के, एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला तर ४० टक्के, असा हिशेब ठरलेला. फुप्फुस मात्र त्या तक्त्यात नाही. कमाईची ताकद किती घटली हे डॉक्टरने दर प्रकरणात वेगळे ठरवायचे, म्हणजे पुन्हा वाद. बरे, दिव्यांग म्हणून तरी दाखला मिळेल? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या अपंगत्वांची यादी आहे. तिच्यात श्वासाचे अपंगत्व नाही. चार पावलांवर दम लागणारा, झोपताना तीन उश्या लावणारा, संडासला जाताना बायकोचा खांदा धरणारा माणूस कायद्याच्या भाषेत धडधाकट आहे! एसटीतसुद्धा त्याला दिव्यांगाची सवलत नाही.

आणि हे सगळे कायम कामगाराचे. ज्याच्या नावाची नोंद 'बी फॉर्म'मध्ये आहे, ज्याची एखादी तरी पीएमई झाली, तो निदान भांडू शकतो. चंद्रपूर, वणी, उमरेड भागात आता बहुतेक कोळसा खुल्या खाणींतून निघतो, आणि मातीचा ढिगारा उपसण्याचे, वाहतुकीचे काम मोठ्या प्रमाणावर ठेकेदाराकडे आहे. "खुल्या खाणीत कसली धूळ, वर मोकळे आकाश आहे" असे साहेब लोक सांगतात. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या थरावर कामठी वाळूखडकाचे थर आहेत. वाळूखडक म्हणजे सिलिका. सुरुंगाची भोके पाडणाऱ्या ड्रिलवर जो पोरगा तोंडाला रुमाल बांधून उभा असतो, त्याच्या छातीत कोळशाहून घातक वस्तू जाते. तो आज एका ठेकेदाराकडे, सहा महिन्यांनी दुसऱ्याकडे. त्याची 'सलग सेवा' कोण मोजणार? कायद्याच्या बाराव्या कलमाने ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडून मागता येत होती. पण मूळ मालकाच्या फाटकावर त्या पोराच्या नावाचा कागदच नसतो. तो कुणाचा पोरगा असतो, कोणत्या वस्तीतून येतो, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगायला हवे काय? टब भरायला, ढिगारा उपसायला, धुळीत उभे राहायला वर्णव्यवस्थेने माणसे आधीच वेगळी काढून ठेवली होती. खाणीने ती फक्त हजेरीवर घेतली.

इथे बाबासाहेब आठवतात, आणि केवळ नाव घेण्यासाठी नव्हे. जुलै १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते आणि कोळसा खाण कामगार त्यांच्या खात्यात येत. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडच्या कोळसा पट्ट्यात गेले. नुसत्या कचेरीत बसून परतले नाहीत, खाणीत उतरले, कामगारांच्या चाळी पाहिल्या. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. (त्याच काळात युद्धाच्या निकडीपायी स्त्रियांना भूमिगत कामावर घेण्याची बंदी उठवली गेली होती, आणि विधिमंडळात त्याचे समर्थन करण्याची वेळ बाबासाहेबांवर आली होती. १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली. चळवळीच्या वाचकाने ही बाजूही माहीत करून घ्यावी, लपवण्यासारखे त्यात काही नाही.)

त्या निधीचे तत्त्व काय होते? खाणीतून बाहेर पडणाऱ्या कोळशावर टनामागे उपकर, आणि त्या पैशातून कामगारांची घरे, पाणी, दवाखाने. धनबाद आणि आसनसोलची केंद्रीय रुग्णालये त्यातूनच उभी राहिली. मालकाच्या दयेवर नाही, सरकारच्या दानावर नाही. जो कोळसा कामगाराला झिजवतो, त्याच कोळशाने त्याचा खर्च उचलावा. १९४७ मध्ये त्याचा कायदा झाला. आणि १९८६ मध्ये तो कायदा रद्द करण्यात आला. कंपन्या सरकारी झाल्या, आता कल्याण त्याच करतील, अशी समजूत. त्या वेळी आमच्या चळवळीने त्यावर किती आवाज उठवला? आम्ही त्या काळची स्वतःची भाषणे, पत्रके काढून पाहिली. नामांतर होते, मंडल होते, ते व्हायलाच हवे होते. कोळशाचा उपकर मात्र त्यात कुठे सापडला नाही. मनमाडला १९३८ मध्ये रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. आम्ही एकावर तोफा लावल्या आणि दुसऱ्याचे खाते डाव्या आणि काँग्रेसी युनियनांकडे सोपवून मोकळे झालो.

आता अमेरिकेकडे पाहा. तिथे या आजाराला 'ब्लॅक लंग', काळे फुप्फुस, म्हणतात. नोव्हेंबर १९६८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ कामगार गेले. फेब्रुवारी १९६९ मध्ये त्या राज्यातले सुमारे चाळीस हजार खाण कामगार संपावर गेले. मागणी पगारवाढीची नव्हती, काळ्या फुप्फुसाच्या भरपाईची होती. त्याच वर्षी केंद्रीय कायदा झाला आणि आजाराने अपंग झालेल्या कामगारांना व त्यांच्या विधवांना मासिक लाभ सुरू झाला. नंतर, १९७८ पासून, एक न्यास निधी आला. त्यात पैसा कुठून? कोळशाच्या टनावरच्या करातून. भूमिगत खाणीच्या टनामागे १ डॉलर १० सेंट, खुल्या खाणीच्या टनामागे ५५ सेंट, किमतीच्या ठरावीक टक्क्यांच्या मर्यादेत. बाबासाहेबांनी १९४४ मध्ये कल्याणासाठी जे तत्त्व लावले, ते अमेरिकेने चौतीस वर्षांनी फुप्फुसासाठी लावले!

त्या कायद्यातली दुसरी गोष्ट वकील म्हणून आम्हांला अधिक मोलाची वाटते. ज्याने भूमिगत खाणीत, किंवा तशाच धुळीत, पंधरा वर्षे काम केले आणि ज्याचा श्वास पूर्ण अपंगत्व येण्याइतका खराब आहे, त्याला काळ्या फुप्फुसाचाच आजार आहे असे गृहीत धरले जाते. नाही हे कंपनीने सिद्ध करावे. ही तरतूद १९८१ मध्ये काढली गेली, २०१० मध्ये परत आली. आपला कायदा आजारानंतर गृहीत धरतो, त्यांचा आजारच गृहीत धरतो. तिथे स्वर्ग आहे असे नव्हे. तिथल्या कंपन्याही वर्षानुवर्षे दावे लढवतात, आणि तो निधी अब्जावधी डॉलरच्या कर्जात आहे. पण विधवेला पहिल्या दिवसापासून डॉक्टरच्या दारात उभे राहावे लागत नाही, एवढा फरक मोठा आहे.

"आपल्याकडे पैसा कुठे आहे?" असे कुणी म्हणेल. २०१० मध्ये केंद्र सरकारने कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. तो २०१६ पर्यंत ४०० रुपये झाला. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळला, आणि २२ सप्टेंबर २०२५ ला बंद होऊन कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. राज्यांच्या तिजोरीचे नुकसान भरून द्यायला कोळशाचा टन चालतो, फुप्फुसाचे नुकसान भरून द्यायला चालत नाही? दुसरा पैसा आणखी जवळ आहे. २०१५ च्या दुरुस्तीने प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले. जुन्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या ३० टक्के रक्कम त्यात जमा होते, आणि आरोग्य हा तिच्या खर्चाचा अग्रक्रमाचा विषय आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर या तिन्ही जिल्ह्यांत हे प्रतिष्ठान आहे. राजस्थानने २०१९ मध्ये न्यूमोकोनिओसिसचे स्वतंत्र धोरण केले: दाखला मिळताच ३ लाख, मृत्यूनंतर वारसाला २ लाख, शिवाय मासिक पेन्शन. तिथल्या दगडखाणींतल्या मजुरांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे रस्त्यावर बसून ते मिळवले. महाराष्ट्राला असे धोरण करायला कुणी अडवले आहे?

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी अॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. निकाल न्या. के. रामस्वामी यांनी लिहिला. कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर असेल तोपर्यंत जपावी, असा त्यात आदेश आहे. तो अॅस्बेस्टॉसपुरता होता. पण काळ्या धुळीला पांढऱ्या धुळीपेक्षा कमी न्याय का, हे आम्ही काकांच्या प्रकरणात विचारले.

काका निकालापर्यंत थांबले नाहीत. एका जानेवारीच्या पहाटे गेले. बातमी आम्हांला तिसऱ्या दिवशी कळली. चासनाल्याच्या खाणीत २७ डिसेंबर १९७५ ला पाणी शिरून साडेतीनशेहून अधिक कामगार एका दिवसात गेले, ते देशाला माहीत झाले, त्यावर सिनेमाही निघाला. आमच्या वस्त्यांत माणसे एकेक करून जातात, त्यांची बेरीज कुणी करत नाही. शवविच्छेदन झाले नव्हते. फुप्फुसाचा सर्वांत बिनतोड पुरावा तोच असतो, आणि तो कायमचा गेला. काकूंना वारस म्हणून प्रकरणात दाखल केले आहे. विरुद्ध बाजूचे म्हणणे आजही तेच आहे: अर्ज मुदतबाह्य, आणि तपासणीत कामगार फिट. मागच्या तारखेला काकूंनी आम्हांला कोर्टाच्या व्हरांड्यात विचारले, "फिट होते तर मेले कसे जी?" आम्ही हे वाक्य उलटतपासणीसाठी लिहून ठेवले आहे.

म्हणून खाण पट्ट्यातल्या आमच्या बांधवांना काही कामाच्या गोष्टी. नोकरीत आहात तोवर प्रत्येक पीएमईची प्रत आणि एक्स-रेची फिल्म लेखी मागा. सरकारी कंपनी देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, स्वतःच्या तब्येतीची माहिती मागायला कुणाची परवानगी लागत नाही. ठेक्यावर असाल तर हजेरी कार्ड, पगारपावती, फाटकाचा पास, जे मिळेल ते जपा, ठेकेदार बदलला तरी फेकू नका. टीबीच्या गोळ्या सुरू करण्याआधी थुंकीची तपासणी झाली का ते पाहा, आणि केसपेपरवर 'कोळसा खाण, इतकी वर्षे, हे काम' असे डॉक्टरला लिहायला लावा. निवृत्त झाला असाल आणि दम लागत असेल, तर दोन वर्षांची वाट पाहू नका. आणि घरातला माणूस या आजाराने गेला तर, मन कितीही जड झाले तरी, शवविच्छेदनाची मागणी करा.

येत्या १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आमचे टेबल असेल. या वेळी छातीच्या आजाराच्या डॉक्टर मित्रालाही सोबत बसवतो आहोत. कागदपत्रांच्या झेरॉक्स आणा. एक्स-रेची मूळ फिल्म मात्र दाखवून परत न्या, ती कुणाकडेही ठेवू नका, आमच्याकडेसुद्धा नाही.